आधी पिऊ दे

मित्रांनो, मी एक जुनी शिडाची नौका आहे, आणि मी रागावलेली आहे. रागावलेल्या वस्तूचे आत्मवृत्त कुणाला आवडत नाही, हे मला ठाऊक आहे. तुम्हाला झिजलेली, सोशीक, डोळ्यांत पाणी आणून सर्वांना क्षमा करणारी वस्तू हवी असते. माझ्याजवळ पाणीच नव्हते. सारे दुःख तिथेच आहे.

मी लाकडाची. फळीला फळी भिडवून, फटींत कापूस ठोकून, वर राळ ओतून मला घडवले. माझा तळ खोल, अंग अरुंद. वळायला मला वेळ लागतो; पण एकदा दिशा धरली की सुकाणूवरचा हात काढला तरी मी ती सोडत नाही. माझे मालक, ज्यांना घरी सारे बाबा म्हणतात, मला आक्का म्हणत. वादळात ते डोलकाठीला पाठ टेकून उभे राहत, तेव्हा दोघांच्या कण्यातून एकच थरथर जाई.

वाईट वाऱ्यांचे महिने मी दरवर्षी काठावर काढी. काठावर लाकूड सुकते, फळ्या आकसतात, सांधे उघडतात. म्हणून पुन्हा पाण्यात उतरले की पहिले दोन दिवस मी गळत असे. बाबा मला धक्क्याला बांधून पंप चालू ठेवीत आणि घाई करणाऱ्याला सांगत, "आधी पिऊ दे तिला." फळ्या पाणी पिऊन फुगत, सांधे मिटत आणि माझे पोट कोरडे होई. घरी मात्र ते मुलांना म्हणत, "आक्का पिऊन पडलीय, दोन दिवस तिकडे कुणी फिरकायचं नाही." मुले पोट धरून हसत. ती येत तेव्हा मी शुद्धीवर असे. अशा रीतीने कामाचा एक नियम त्यांच्या कानांपर्यंत विनोद होऊन पोचला आणि विनोद म्हणूनच तिथे राहिला.

मग बाबांचे अर्धे अंग लुळे पडले, वाचा तुटली, आणि मी काठावर पडले ती पडलेच. दोन वर्षे ऊन माझ्या सांध्यांतून आरपार जात होते. थोरल्या मुलाने तोवर नवी नौका घेतली.

तिच्याविषयी मी खोटे बोलणार नाही. ती फायबरची, बशीसारखी एकसंध. आत ताठ उभे राहता येते, ओटा आहे, फ्रिज आहे. झुळकीवरसुद्धा ती पळते. लाट मात्र मी चिरते आणि ती रिकाम्या डब्यासारखी तिच्यावर आपटते. पण तिची मागची बाजू फळीसारखी उघडून धक्क्याला टेकते, आणि चाकांची खुर्ची सरळ आत जाते. माझ्या अरुंद जिन्याने बाबा आता कधीच उतरणार नाहीत. एवढ्यासाठी मी तिचा द्वेष करू शकत नाही, आणि म्हणूनच माझा राग अधिक जळतो.

धक्क्यावर जागा एकीपुरतीच होती. पलीकडच्या खाडीकाठी राहणाऱ्या त्या थोरल्याच्या धाकट्या बहिणीने मला मागितले होते. थोरल्याचे म्हणणे पडले की, धड असेल तर खुशाल ने. कुजली असेल तर लोढणं कशाला गळ्यात घेतेस, करवत लावू. निकालासाठी बोटी तपासणारा बोलावला गेला. त्याने आयुष्यभर फायबरच पाहिले होते. आम्हा दोघींना एकाच सकाळी पाण्यात सोडण्यात आले.

तासाभरात माझ्या पोटात गुडघाभर पाणी झाले. नवी कोरडी ठणठणीत.

"ही गेली," तपासनीस म्हणाला. "यात बघण्यासारखं काही नाही."

"आक्का अजून पिते वाटतं," थोरला म्हणाला, आणि हसला.

मित्रांनो, सत्य त्याच्या जिभेवर होते! ते त्याने चघळले आणि थुंकून टाकले. मला जीभ असती तर मी ती त्या क्षणी शिवीसाठी वापरली असती.

धक्क्यावर खुर्चीत बसलेले बाबा मोडक्या स्वरात सांगत होते, "पिऊ दे. पिऊ दे." धाकटी धावत गेली आणि पेलाभर पाणी घेऊन आली. त्यांनी पेला दूर सारला. "अहो बाबा, घ्या ना, तुम्हीच मागितलंत," ती समजावत राहिली. तोवर क्रेनने मला उचलून निथळत त्यांच्या खुर्चीलगत ठेवले होते आणि करवतवाला विजेच्या करवतीची वायर सोडवीत होता. थोरल्याने वडिलांना सांगितले की हट्ट नको, तिचं आयुष्य संपलं.

तेव्हा बाबांनी चांगल्या हाताने पेला घेतला. वाकले. आणि ते पाणी माझ्या उघड्या सांध्यात ओतले.

धाकटी रिकाम्या पेल्याकडे बघत राहिली. मग सावकाश म्हणाली, "दादा, बाबा स्वतःसाठी नव्हते मागत."

"मग?"

"पिऊन पडलीय म्हणायचे, आठवतं? आपल्याला दोन दिवस येऊच द्यायचे नाहीत."

थोरल्याचे हसू ओठांवरच सुकले. त्याने करवतवाल्याला हातानेच थांबवले.

मला पुन्हा पाण्यात सोडले. दोन दिवस सरले, तरी मी गळतच होते. दोन वर्षांची तहान दोन दिवसांत कशी भागावी? तपासनीस येऊन मान हलवून गेला. धाकटीने पंप बंद केला नाही. आणि एका सकाळी पंप नुसताच खरखरला. ओढायला पाणी उरले नव्हते.

मी तिच्यासोबत निघाले, तेव्हा बाबांना घेऊन नवी नौका बंदराच्या तोंडापर्यंत आली, प्रत्येक लाटेवर आपटत. तिथे धाकटीने माझ्या सुकाणूवरचा हात काढून त्यांना हलवून दाखवला. मी दिशा सोडली नाही. बाबांनी ते पाहिले.

मित्रांनो, मी क्षमा केलेली नाही. तुमच्याही घरात कोपऱ्यात सुकून भेगाळलेले कुणी असेल, वस्तू असेल वा माणूस. त्याला नव्याशेजारी उभे करून तासाभरात निकाल लावू नका. ते गळेल. गळू द्या. आधी त्याला पिऊ द्या.