ट्रकचं तेल नेमकं कुठे गेलं?

मी एक जुना ट्रक आहे, मित्रांनो. माझा जन्म दूरच्या कारखान्यात झाला आणि पहिली काही वर्षं कोळसा वाहण्यात गेली. गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्या वर्षी साकोलीच्या यादोरावांनी मला विकत घेतलं. तेव्हाच मी जुना होतो. पहिल्या दिवशी एकोडीचा खुशालभाऊ माझ्या सीटवर बसला आणि पुढची नऊ वर्षं तोच मला चालवत राहिला. धानाच्या हंगामात आम्ही करडीला जायचो, आसगावला जायचो, पोती भरून गिरणीवर आणायचो. चढावर मला दम लागला की खुशालभाऊ गिअर उतरवायचा आणि म्हणायचा, "घाई नायी बाबा, सावकाश चाल." मी सावकाश चालायचो. वाटेत कधी बंद पडलो नाही.

यादोराव वाईट माणूस नव्हते. पण कुलूप लावल्यावर ते ओढून पाहायचे, दहा पावलं जायचे, परत येऊन पुन्हा ओढायचे. माणसांच्या बाबतीतही त्यांचं तसंच होतं.

नवव्या वर्षी दसऱ्याच्या आधी सेवकराम मिस्त्रीने माझं इंजिन तपासलं. इंजिनाच्या वरच्या भागाला हेड म्हणतात. हेडवर पत्र्याचं एक लांब झाकण असतं आणि त्याच्याखाली तेल बाहेर येऊ नये म्हणून पॅकिंग बसवतात. सेवकरामने नवं पॅकिंग टाकलं. यादोरावांना ते खरं वाटेना. चार दिवसांनी भर दुपारी ते एकटेच पान्हा घेऊन आले. त्यांनी झाकण उघडून पाहिलं. पॅकिंग नवंच होतं! समाधानाने त्यांनी झाकण परत बसवलं आणि दात-ओठ खाऊन नट कसले. मला वाटलं, चला, संशय फिटला.

पण त्याच आठवड्यात माझं तेल कमी होऊ लागलं.

"भाऊ, ऑईल कुठून तरी जाऊन राहिलं," खुशालभाऊने सांगितलं. "सेवकरामले दाखवून घेऊ."

यादोराव वाकले. माझ्या खालची जमीन त्यांनी हाताने चाचपली. मग सरळ उभे राहून खुशालभाऊच्या तोंडाकडे पाहत राहिले. "जमिनीवर थेंब नायी. मंग ऑईल जाते कुठं?"

"तेच तर मले समजून नायी राहिलं."

"मले समजून राहिलं," यादोराव म्हणाले. त्या दिवसापासून तेलाचा डबा त्यांच्या घरात कुलपाआड गेला. रोज सकाळी ते तेल मोजायची पट्टी बाहेर काढायचे, उजेडात धरायचे आणि तेल न घालताच परत ठेवायचे. खुशालभाऊ बाजूला उभा असायचा.

मित्रांनो, मीही संशय घेतला, हे कबूल करतो. एका सकाळी खुशालभाऊने गमछ्यात गुंडाळलेला डबा आणला, इकडेतिकडे पाहिलं आणि तो सीटखाली सरकवला. माझ्या मनात आलं, मालकांना वाटतं ते खरं असेल का? माझंच तेल तो याच डब्यातून नेत असेल का? दुपारी आसगावच्या वाटेवर त्याने मला झाडाखाली थांबवलं, बोनेट उघडलं आणि डब्यातलं तेल माझ्यातच ओतलं. घरून आणलेलं तेल! "जाम होऊ नको रे बाबा," तो पुटपुटला. मला फार लाज वाटली.

पुढच्या आठवड्यात करडीला पोती भरणं चालू होतं. यादोराव मोटारसायकलवर अचानक आले आणि थेट माझी सीट उचलली. डबा हातात धरून त्यांनी सगळ्या हमालांसमोर विचारलं, "हे काय होय?"

"ऑईल होय, भाऊ."

"कोनाचं?"

"माझं. घरून आणतो. तुमी देत नायी, अन् गाडी कोरडी चालवली तर इंजिन बसन."

"चोर कधी चोरी कबूल करते का!"

हमालांचे हात थांबले. खुशालभाऊने खिशातून किल्ली काढली, माझ्या बोनेटवर ठेवली आणि पायी निघाला. मला जोरात भोंगा वाजवावासा वाटला. पण भोंगा वाजवायलाही माणसाचा हात लागतो.

यादोरावांनी मोटारसायकल तिथेच ठेवली आणि मला स्वतः चालवत निघाले. त्यांनी तेल पाहिलंच नाही. साकोलीजवळ तेलाचा लाल दिवा लागला आणि माझ्या पोटात खडखड सुरू झाली. घाबरून त्यांनी मला कसंबसं सेवकरामच्या दुकानात नेलं आणि उतरता उतरता म्हणाले, "तूच पॅकिंग धड बसवलं नसशील!"

सेवकराम भांडला नाही. त्याने आधी तेल भरलं, मग माझं हेड डिझेलने धुऊन कोरडं पुसलं. त्याची बायको बेबीबाई मागच्या अंगणात होती. तिला हाक मारून तो म्हणाला, "जराशी रांगोळी देनं वं."

"इंजिनाले कायले रांगोळी?" ती हसली, पण वाटी घेऊन आली. सेवकरामने पांढरी भुकटी झाकणाभोवती उडवली आणि इंजिन चालू केलं. मग हातआरसा केबिनच्या बाजूला, झाकणाच्या मागच्या कोपऱ्यात धरला. पांढऱ्या रांगोळीतून एक काळी रेघ खाली उतरत होती.

"पाहा. इंजिन चालू असलं की तेल येते, मागून खाली उतरते अन् रस्त्यावर उडून जाते. गाडी थांबली की गळणंही थांबते. म्हणून जमीन कोरडी."

झाकण उघडलं. मागचं पॅकिंग फाटलं होतं, पत्र्याची कड वाकली होती. सेवकराम नटांवरचे ओरखडे पाहत म्हणाला, "हे कोनं कसलं? इतका जोर मी कधी लावत नसतो."

यादोरावांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग म्हणाले, "मीच."

सेवकरामने कड लोखंडी पाटावर ठोकून सरळ केली, नवं पॅकिंग बसवलं आणि नट मधून सुरू करून थोडे थोडे, पाळीपाळीने आवळले. पुन्हा रांगोळी उडवली. इंजिन अर्धा तास चाललं. रांगोळी पांढरीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी यादोराव मला घेऊन एकोडीला गेले. खुशालभाऊ अंगणात बसला होता. यादोराव दारातच म्हणाले, "खुशाल, चूक माझी होती. झाकण मीच खराब केलं होतं. करडीच्या हमालांनाही मी हे जाऊन सांगतो. तू चाल."

खुशालभाऊने त्यांना खाट दिली, चहा दिला. मग म्हणाला, "तुमी आले, बरं वाटलं. पण मी नायी येत, भाऊ. मी उद्या ऑईल पाहीन, अन् तुमी मले पाहान."

यादोरावांनी कप खाली ठेवला आणि ते उठले.

निघताना खुशालभाऊ माझ्याजवळ आला. बोनेट उघडून त्याने तो मागचा कोपरा बोटाने चाचपला. बोट कोरडं होतं. बोनेट हळूच लावून तो घरात गेला.

आता मला दुसरा माणूस चालवतो, आणि तोही चांगला आहे. मित्रांनो, तुमच्या घरात काही बिघडलं, काही कमी पडलं, तर आधी ती वस्तू नीट तपासा. माणसाची झडती घ्यायची घाई करू नका. माझं पॅकिंग एका दुपारीत नवं बसलं. खुशालभाऊ मात्र पुन्हा कधी माझ्या सीटवर बसला नाही.