फोनवरचे जोडलेले हात

जून २०१३ मधल्या त्या रविवारी सिंगापूरवर शेजारच्या देशातल्या जंगलांच्या आगींचा धूर इतका दाटला होता की सेरंगूनच्या फ्लॅटमधून समोरची इमारतही दिसत नव्हती. विनीता साळवे चर्चमधून परतली ती तोंडावरचा मास्क काढत, सकाळचं गाणं गुणगुणतच. त्या दिवशीची उपासना तिनं चालवली होती. छान झाली, असं चारचौघांनी सांगितलंही होतं.

घरात तिचा नवरा प्रबोध नव्हता. फोन टेबलावर होता आणि त्याचा दम्याचा पंपही तिथेच. सकाळी तो म्हणाला होता, "आज तू जा." अलीकडे तो तसंच म्हणायचा, आणि ती जायची.

अशा धुरात तो पंपाशिवाय बाहेर पडला होता.

ती धावत खाली गेली. कॉफीशॉप, बसस्टॉप, मॉलचं दार. कुणीच त्याला पाहिलं नव्हतं. मध्येच तिला एक संध्याकाळ आठवली. बुधवारच्या मराठी प्रार्थनासभेची ती तयारी करत होती आणि प्रबोध दारात येऊन उभा राहिला होता.

"विनीता, मी प्रार्थना करतो तेव्हा पलीकडे कुणीच नाही असं वाटतं. तुला कधी असं होतं का गं?"

"थकलायस तू," तिनं मान वर न करताच म्हटलं होतं. "बायबलमधलं एक वचन पाठवते, वाच." आणि या खोलीतून त्या खोलीत तिनं ते फोनवर पाठवलंही होतं.

आता तिनं सभेच्या ग्रुपवर लिहिलं, 'प्रबोध सापडत नाही. पंप घरीच राहिलाय. प्रार्थना करा.' लगेच एकाखाली एक जोडलेले हात उगवू लागले. 'प्रभू सांभाळेल.' 'आम्ही प्रार्थनेत आहोत.' तू कुठे आहेस, असं एकानंही विचारलं नाही. ती बघत राहिली. असे हात तिनं आजवर कितींना पाठवले होते, आणि पाठवून झालं की फोन ठेवून कांदा चिरायला घेतला होता.

इमारतीखालच्या बाकावर बसून तिनं डोळे मिटले. "हे दयाळू स्वर्गीय पित्या..." जीभ आपोआप चालू लागली. बुधवारची घोटलेली वाक्यं भराभर बाहेर पडत होती. मध्येच तिला स्वतःचा आवाज ऐकू आला आणि ती थांबली. त्या शब्दांत ती कुठेच नव्हती. कधीपासून नव्हती, तेही तिला सांगता येईना. "देवा रे, देवा रे," एवढंच ती पुटपुटत राहिली.

फोन वाजला. उल्का होती, सभेतलीच.

"कुठे आहेस?"

"घराखाली."

"तिथेच थांब. टॅक्सीनं येते."

गेल्या वर्षी उल्काचं बाळ पोटातच गेलं होतं. तेव्हा विनीतानं तिलाही वचनच पाठवलं होतं. टॅक्सीत विनीता कशीबशी म्हणाली, "तुझ्या वेळी मी आले नाही."

"नाही आलीस," उल्का खिडकीबाहेर धुरात शोधत म्हणाली. "आधी त्याला बघू."

तासाभरानं हॉस्पिटलमधून फोन आला. प्रबोध जलाशयाच्या काठी धाप लागून कोसळला होता. कुणीतरी अँब्युलन्स बोलावली होती, आणि शुद्धीवर आल्यावर त्यानं तिचा नंबर सांगितला होता.

उल्का बाहेर बसली. विनीता आत गेली आणि तिनं त्याचा हात हातात घेतला. त्यानं ऑक्सिजनचा मास्क जरासा सरकवला.

"प्रार्थना नको करूस."

"मला येतच नाही," ती म्हणाली. "खरंच येत नाही रे."

त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं.

"पंप मुद्दाम ठेवलास?" तिनं विचारलं.

"माहीत नाही. दारात उभा होतो. घ्यावासाच वाटला नाही."

तिनं पलंगाच्या दांडीवर कपाळ टेकलं. हुंदक्यांतून शब्द फुटले, तेही तुटके. "देवा, मी झोपले होते. याला ठेव. मला काही कळत नाही, पण याला ठेव."

प्रबोधनं हात सोडवून घेतला नाही.

मंगळवारी तो घरी आला. पलीकडे कुणी आहे की नाही, हे त्याला अजूनही सांगता येत नव्हतं. बुधवारी विनीतानं सभा घेतली नाही. ती त्याच्याजवळ बसली आणि म्हणाली, "त्या संध्याकाळी दारात उभं राहून विचारलंस ते परत विचार." तो अडखळत बोलू लागला. ती ऐकत राहिली.