शेवटची उतारू

नाव काठाला लागली आणि त्याने श्वास रोखून धरला. पडद्यावर संध्याकाळ होती; पाण्यावर तांबूस उजेडाच्या सुरकुत्या पडल्या होत्या. जाळं खांद्यावर टाकलेला कोळी उतरला. दोघी बहिणी एकमेकींचा हात धरून उतरल्या. पिंजरा घेतलेला माणूस पिंजऱ्याशी काहीतरी पुटपुटत उतरला. मग मागच्या फळीवरच्या म्हातारीने गुडघ्यावर हात टेकवला, जराशी पुढे झुकली, आणि आतून कोणी नको म्हटल्यासारखी पुन्हा खाली बसली.

"बसली," पाठीमागून आवाज आला.

"दिसतंय मला."

"दिसतंय ना? मग तक्रार उघडीच ठेवते."

त्याने नाव हाकायचं हातातलं यंत्र, तो कंट्रोलर, घट्ट धरून ठेवला आणि मागे वळून पाहिलं नाही. बोलणारी कोण हे पाहायची गरज नव्हती. खेळातल्या चुका शोधणं हे तिचं काम, आणि तिच्या हातून एकही चूक निसटत नसे म्हणून सगळे तिला चाळणी म्हणत. चाळणीतून तर सगळंच निसटतं, असं तिने सुरुवातीला एकदा बजावून पाहिलं होतं. पण नावं तर्काने पडत नाहीत. तसंच त्यालाही ह्या खेळाची आखणी हाती घेतल्यापासून नावाडी म्हणत. नदी, तिचे दोन काठ, कोणी कुठे चढायचं, कुठे उतरायचं, वारा कधी पडायचा, हे सगळे नियम त्याचे. लोकांना पार न्यायचं, एवढाच तो खेळ. त्यात कोणी हरत नसे, कोणी मरत नसे. असला खेळ कोण खेळणार, असं ज्यांनी विचारलं होतं, त्यांनाही तो एकदा खेळून पाहिल्यावर मुकाट व्हावं लागलं होतं.

नदी पुरी झाली होती. तोही ह्या जागेपुरता पुरा झाला होता. राजीनामा देऊन बरेच दिवस लोटले होते. आईच्या गावी जाऊन राहायचं, तिथल्या शाळेत मुलांना खेळ रचायला शिकवायचं, असं ठरलं होतं. पण त्या कचेरीचा एक दंडक होता. ज्याच्या नावावर तक्रार उघडी आहे, त्याने खुर्ची सोडायची नाही. फार पूर्वी एक जण अर्धवट गाठ मारून निघून गेला होता आणि ती सोडवता सोडवता बाकीच्यांचे केस पिकले होते. तेव्हापासूनचा हा दंडक. नावाड्याच्या नावावर एकच तक्रार उरली होती. 'म्हातारी उतरत नाही.' तिच्यापायी त्याचं जाणं दोनदा पुढे गेलं होतं. निरोपाचा केकही दोनदा कापून झाला होता, आणि दुसऱ्या खेपेला तो खाताना कोणाच्याही चेहऱ्यावर दुःख आणता आलं नव्हतं.

त्याने काय करून पाहिलं नव्हतं? काठाचा उतार कमी केला. फळी उंच केली. पिंजरेवाला वाट अडवतो की काय म्हणून त्याला पुढे बसवला. म्हातारी प्रत्येक वेळी तेवढीच झुके आणि तेवढीच बसे.

"काढून टाक तिला."

हे मुकादम. कचेरी त्यांची, पैसा त्यांचा, आणि भीतीही त्यांचीच. खेळाची अखेरची प्रत आज बाहेर पडायची होती. ते टेबलाच्या कडेवर टेकले आणि कपातला गार झालेला चहा हलवू लागले.

"एका म्हातारीवाचून नदी अडत नाही," ते म्हणाले.

"अडते."

"अरे, म्हातारी मेल्याचं दुःख नाही, तारीख सोकावते! आधी तुझी सोकावली, आता खेळाची सोकावेल. संध्याकाळपर्यंत उतरव. नाहीतर तू पूस तिला. तुला नसेल जमत तर मी पुसतो. मला काय, मी वाईटच आहे."

ते गेले. त्यांचा कप तिथेच राहिला. नावाड्याने पडद्यावरच्या त्या वाकलेल्या पाठीकडे पाहिलं. नदीच्याही आधी त्याने तिला रचलं होतं. आधी कागदाच्या कोपऱ्यात बसलेली ही एक बाई होती. तिला कुठेतरी जायचं आहे, एवढंच त्याला ठाऊक होतं. मग तिच्यासाठी नाव आली, नावेसाठी पाणी, पाण्यासाठी दुसरा काठ. आणि आता सगळं जागच्या जागी असताना तिलाच पुसायचं! पुसणारं बटण त्याच्या करंगळीपासून वीतभर लांब होतं. त्याने करंगळी मिटून घेतली.

दुपार कलताना आई आली.

ती आदल्या दिवशीच आली होती, त्याची खोली आवरायला. संध्याकाळच्या गाडीने दोघं मिळून निघायची होती. पण निघण्यापूर्वी, हा पोरगा इतकी वर्षं बसला तरी कुठे, हे तिला डोळ्यांनी पाहायचं होतं. दारातच उभी राहून तिने खोली न्याहाळली: भिंतीवरची कोणी कधीच न पुसलेली खडूची नदी, कान तुटलेल्या कपात लावलेलं रोप, एका चाकापायी हट्टाने डावीकडेच वळणारी त्याची खुर्ची.

"ह्या खुर्चीपायी तुझी पाठ गेली होय?"

"आई, हळू बोल ना."

"का? झोपलंय का कोणी?"

सगळी टेबलं हसली. चाळणी उठली, तिने आईला हाताला धरून त्याच्या शेजारी बसवलं, पाणी दिलं, आणि पडदा तिच्याकडे वळवला. आईने नदीकडे बराच वेळ पाहिलं.

"हे सगळं तू केलंस? पाणीसुद्धा?"

"पाणी दुसऱ्याने केलं. मी फक्त नियम केले."

"नदीला कसले रे नियम?"

"तेच तर मी त्याला कधीचं विचारतेय," चाळणी म्हणाली. "आई, खेळून बघता? तुम्ही खेळल्याशिवाय ह्याला जाऊ द्यायचं नाही, असं ठरलंय आमचं."

"असं कधी ठरलं?" त्याने विचारलं.

"आत्ता."

आईने कंट्रोलर असा धरला जसं कोणी नुकतंच जन्मलेलं मूल हातात दिलं आहे. नाव गरगर फिरू लागली. कोळी, बहिणी, पिंजरेवाला सगळे त्या गिरकीत सापडले.

"अगं बाई, ही अशी का करतेय? थांब म्हणा तिला!"

"आई, डावा अंगठा सोडा. डावा! तो उजवा झाला."

"माझे अंगठे मला माहीत आहेत."

खुर्च्या सरकल्या. खेळातल्या माणसांना हालचाल देणारा, ज्याला सगळे बाहुलेवाला म्हणत, तो हेडफोन गळ्यात टाकून येऊन उभा राहिला. मुकादमही दारात येऊन थबकले. कशीबशी, दोनदा खडकाला घासून, नाव पलीकडे पोचली. कोळी उतरला. बहिणी उतरल्या. पिंजरा उतरला. म्हातारी झुकली आणि बसली.

"हिला बरं नाही का?" आईने विचारलं.

नावाडी आपल्या नखांकडे पाहू लागला. मुकादमांनी घसा साफ केला. पुढचं वाक्य काय असणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

तेवढ्यात चाळणी म्हणाली, "आई, तुमच्या चष्म्यावर बोटांचे ठसे उठलेत. आधी तो पुसून घ्या."

"सकाळीच तर पुसला होता."

"पुसा ना. मग पुढे जाऊ. काही घाई नाही."

आईने कंट्रोलर टेबलावर ठेवला. चष्मा काढला. पिशवीतून रुमाल शोधला, तो झटकला, आणि एक एक काच उजेडाकडे धरून पुसायला घेतली.

पडद्यावर म्हातारीने गुडघ्यावर हात टेकवला. झुकली. दुसरा हात नावेच्या कडेवर ठेवला आणि अंगातलं सगळं वय गोळा करून उभी राहिली. तिने शाल सावरली. फळीखालचं गाठोडं उचललं, ते नीट आहे का ते चाचपलं, आणि एक पाय, मग दुसरा पाय, असं करत काठावर उतरली. तिथे ती थांबली. मागे वळली. रिकाम्या नावेकडे तिने पाहिलं, एखाद्याचा निरोप घ्यावा तशी मान हलवली, आणि चढणीच्या वाटेला लागली.

सगळी डोकी पडद्याकडे झुकली.

"मागे वळून बघते," बाहुलेवाला कुजबुजला. "मीच केलं होतं ते. आणि मीच विसरलो होतो."

"काय झालं?" आईने चष्मा चढवला. "काय बघितलंत रे सगळ्यांनी? मला का नाही सांगितलं?"

मग कोणाला हसू आवरेना. मुकादमांनी भिंतीकडे तोंड करून आपला चष्मा पुसला. त्यांच्या चष्म्यावर मात्र खरंच काहीतरी आलं होतं.

नावाडी हसला नाही. तो टेबलावर पालथ्या पडलेल्या त्या कंट्रोलरकडे बघत राहिला. नाव पुरती थांबल्याशिवाय कोणी उतरायचं नाही, हा नियम त्याचाच. बाकीचे चटकन उठत, म्हणून दोन हिसक्यांच्या मधल्या श्वासभर शांततेतही त्यांचं भागे. म्हातारीला उठायला वेळ लागे. तेवढ्यात कंट्रोलरवर, वल्ह्याच्या बटणावर ठेवलेल्या अंगठ्याचा बारीकसा थरथराट नावेपर्यंत पोचे, आणि ती धसकून बसे. त्याच्या माहितीत ह्या खोलीतल्या एकाही माणसाने आजवर, नाव काठाला लागल्यावर, हातातलं यंत्र खाली ठेवलं नव्हतं. त्यांच्या धंद्यात हात सोडणारा हरतो, हे त्यांना बोलायला लागण्याआधीच कळलेलं असतं.

आईसाठी सगळं पुन्हा एकदा चालवून पाहिलं. ह्या खेपेला नाव त्याने नेली, कंट्रोलर टेबलावर ठेवला आणि दोन्ही हात मांडीखाली दाबले. म्हातारी उठू लागली तशी आई पुढे सरकली.

"अशी कोण रे उठते, आधी गुडघा धरून, मग कडेला हात लावून?" तिने स्वतःचा गुडघा चाचपला. "माझे गुडघे चोरलेस होय रे?"

"उसने घेतले."

"मग परत कर. आता दुखतात ते."

चाळणीने तिच्या टेबलावर जाऊन ती तक्रार उघडली. 'चूक नाही,' तिने लिहिलं. 'थांबलं तर उतरते.' एकदाच टिचकी वाजली, आणि नावाड्याच्या नावापुढची जागा रिकामी झाली. मुकादम म्हणाले, केक तिसऱ्यांदा आणायचा नाही, हा माझा शेवटचा शब्द. आणि तरीही ते त्याला बराच वेळ मिठीत घेऊन उभे राहिले. म्हातारं माणूस जिना उतरणार नाही, लिफ्टनेच जाईल, असं बजावून आई पुढे गेली. खाली बाकावर बसते म्हणाली.

खोली हळूहळू रिकामी झाली. नावाड्याने तुटक्या कानाचा कप उचलला, पुन्हा खिडकीत ठेवला. रोपाला इथला उजेड सवयीचा होता. मग तो खुर्चीत बसला. नुसताच, कशासाठी नाही. खुर्ची तिच्या सवयीने डावीकडे वळली आणि समोर, खोलीच्या उघड्या दारापलीकडे, चाळणी उभी होती, लिफ्टच्या दारात एक पाय रोवून. दार मिटायला बघे, तिच्या बुटाला लागे आणि मागे जाई.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय?"

"आईचा चष्मा स्वच्छ होता."

ती छताकडे बघू लागली. "मध्ये एकदा मुलीचा फोन आला होता शाळेतून. मी यंत्र ठेवलं आणि फोन घेतला. वळून बघते तर ही बाई चढणीला लागलेली."

"कधी?"

"झाले असतील बरेच दिवस. तुझा पहिला केक व्हायचा होता."

त्याने हिशेब केला नाही. पण जे उमगायचं ते उमगलं, आणि त्याला राग येईल म्हणून तो क्षणभर वाट पाहत राहिला. राग आला नाही. पहिल्या केकच्या आधीपासून ती रोज सकाळी त्याच्या पाठीशी येऊन म्हणत होती, बसली. रोज तो म्हणत होता, दिसतंय मला.

"सांगितलं का नाहीस?"

"तक्रार उघडी असली की माणूस दुसऱ्या दिवशी कामावर येतो," ती म्हणाली. मग घाईने, नेहमीच्या कोरड्या आवाजात: "आज मुकादम तिला पुसायलाच निघाले. तिला पुसून तू गेला असतास, ते मला चाललं नसतं."

लिफ्ट कुरकुरली. दार पुन्हा तिच्या बुटाला लागलं. खालून कुठूनतरी कोणीतरी बटण दाबत होतं, चिडून, पुन्हा पुन्हा. तिने तिकडे लक्ष दिलं नाही. त्याला उठ म्हणाली नाही, घड्याळाकडे बघितलं नाही. फक्त दोन्ही हात बटणांपासून दूर नेऊन कोटाच्या खिशात घातले, आणि उभी राहिली.

त्याने गुडघ्यावर हात टेकवला.