पोचा पडलेला शेर

मित्रांनो, मी दूध मोजायचा एक जुना पितळी शेर आहे. धाराशिवच्या शांतलिंगअप्पा तांबटानं मला ठोकून घडवलं. निजामाचं राज्य गेलं, आपला जिल्हा मुंबई राज्यात आला, तेव्हा मी अयोध्याबाईच्या हाती होतो. दोन म्हशी अन् वकिलांच्या गल्लीतले रतीब, एवढाच तिचा संसार. "अयोध्याचं दूध म्हणजे डोळे झाकून घ्यावं," असं गल्लीतल्या बायका म्हणायच्या. ऐकून माझी छाती फुगायची.

एकदा म्हैस उधळली, लाथ बसली अन् माझ्या पोटाला पोचा पडला. आता माझ्यात दूध कमी मावू लागलं. तांबट येरमाळ्याच्या यात्रेत भांडी विकायला गेलेला. तोवर अयोध्याबाई माझं माप ओतून झाल्यावर वर भरपूर धार देई. त्यात सांगायचं काय, असं तिला वाटलं.

कोर्टातल्या दत्तोपंतांच्या शामलावहिनींनी मात्र तो पोचा पाहिला. अयोध्याबाईला काही विचारलं नाही, शेजारणींना सांगितलं. "अगंबाई, खोटं माप आहे तिचं!" दुसऱ्या दिवशी गल्लीत एकही पातेलं पुढं आलं नाही. दुधाची चरवी भरलेलीच परतली. मला फार वाईट वाटलं हो!

"जाऊ दे, दुसऱ्या गल्लीत रतीब लावू," तिचा नवरा बिरदेव म्हणाला. "न्हायतर पोचा तरी काढून आण."

"पोचा काढला तर म्हनतील, चोरी लपिवली. अन् पळून का जाऊ? जितं नाव काळं झालं, तितंच उजळीन!"

तिनं चिंच अन् राख घेऊन मला खसाखसा घासलं. मी लखलखलो अन् पोचा आणखीच उठून दिसू लागला. सकाळी ती थेट दत्तोपंतांच्या ओट्यावर गेली. साऱ्या बायका जमल्या.

"वैनी, तुमच्या घरचा शेर काडा."

वहिनींनी नवा शेर आणला. अयोध्याबाईनं मला भरून त्यात ओतलं. तो थोडा उणा राहिला. मग तिनं रोजच्यासारखी धार दिली. शेर भरला, दूध ओट्यावरून ओघळलं.

"रोज असंच घालत आले म्या. बगा!"

वहिनी खजील झाल्या. "अगं, मग बोलली का नाहीस?"

"तुमी मला इचारलं कुटं? गल्लीला सांगितलं."

हळूहळू पातेली पुन्हा पुढं आली. फक्त कोपऱ्यावरच्या चंद्रप्रभाबाई म्हणत राहिल्या, "आगीशिवाय का धूर निघतो?" अयोध्याबाईही हट्टी. रोज त्या दारासमोर उभी राहून खणखणीत हाक द्यायची, "दूऽऽध!" पुढं लिटरची मापं आली, मी फळीवर गेलो. ते दार काही उघडलं नाही.

मित्रांनो, चिंच-राखेनं मी घटकेत उजळतो. माणसाच्या नावाचं तसं नसतं रे! कुणाविषयी चार ठिकाणी बोलण्याआधी, एकदा त्यालाच विचारा.