भाड्याने दिलेलं नाव

मित्रांनो, मी एक जुना पत्ता आहे. घराचा नव्हे हो, इंटरनेटवरचा! शहाणी माणसे मला डोमेन म्हणतात. माझे नाव 'सरळपाऊल'. माझ्या मालकाने मला चहा पिता पिता नोंदवले. त्याच्याकडे अशी चारशे नावे. स्वतः काही धंदा नाही. नावे अडवायची आणि भाड्याने द्यायची. कायद्यात बसते ते. चार वर्षे मी नुसता लोळत पडलो होतो.

मग एक बूटवाला भेटला. जन्मतः वाकडी पावले असलेल्या मुलांचे बूट तो शिवायचा. मुलाचा पाय मांडीवर घेऊन प्लास्टरचा साचा काढायचा. एका जोडाला आठ दिवस लागत. त्याच्या बायकोने मला शोधून काढले आणि दोघांनी भाड्याने घेतले.

"अहो, मुदत संपली की मालक नाव काढून घेऊ शकतो, असं लिहिलंय," ती म्हणाली.

"घेऊन करणार काय? त्याला का बूट शिवता येतात?"

भोळा कुठला! वर त्याने काय करावे? प्रत्येक बुटाच्या आत, टाचेखाली, तापल्या ठशाने मलाच उमटवले. बूट आखूड झाले की आईबापांनी तिथे वाचून नवा जोड मागवायचा. सहा वर्षांत डॉक्टरही चिठ्ठीवर मला लिहू लागले. काय मिरवलो म्हणून सांगू!

मालकाने ते बरोबर हेरले. मुदत संपताच त्याने मला एका व्यापाऱ्याला दिले. त्याचे बूट कारखान्यातले, सगळ्या पायांना एकच साचा. बूटवाला वकिलाकडे धावला.

"करारावर सही तुमचीच ना?" वकील म्हणाला. "फसवणुकीचा दावा लावू हवं तर. पण निकाल लागेपर्यंत ही पोरं कॉलेजात जातील."

मागण्या येतच राहिल्या, व्यापाऱ्याकडे. एका आईने लेकीच्या जुन्या बुटात मला वाचले आणि नवा जोड मागवला. ही मुलगी बूटवाल्याच्या हातचे तीन जोड घालून पळायला शिकली होती. तीन आठवड्यांत तिचा घोटा सोलला, चिघळला. पाऊल पुन्हा आत वळू लागले. आई तिला कडेवर घेऊन बूटवाल्याच्या दुकानात आली आणि बूट त्याच्या अंगावर फेकले.

"अहो ताई, हे माझे नाहीत."

"नाव तुमचं नाही? बघा की आत!"

व्यापाऱ्यानेही मला छापले होते, चांगले ठळक.

बूटवाला खाली बसला. "ये गं बाळा, पाय बघू." मुलीने किंचाळून पाय पोटाशी ओढला.

मित्रांनो, खोटे कशाला बोलू? मला काहीच वाटले नाही. जो भाडे देईल त्याचा मी. तेव्हा माझी एवढीच विनंती: आपल्या हातच्या कामावर नाव उमटवण्याआधी ते कुणाच्या मालकीचे आहे ते विचारा. बूटवाल्याने आता नवे नाव घेतले आहे, स्वतःचे, कायमचे. त्या मुलीचा साचाही तो फुकट काढून देणार होता. पण ती कुणालाच पायाला हात लावू देत नाही.