पहिली मूठ

त्या सकाळी सोयराबाईंनी नेहमीसारखा दहीभात कालवून डब्यात भरला आणि म्हैसूरहून टी. नरसीपूरकडे जाणारी बस धरली. पायाशी भाताच्या बियाण्याची गोणी होती. मिठाच्या पाण्यात बुडवून त्यांनी पोकळ दाणे काढले होते, उरलेले धुऊन सावलीत वाळवले होते. वळवाची सर नुकतीच पडून गेली होती आणि रानात ओल होती. ती आज साधली तर साधली, नाहीतर वर्ष गेलं.

रान त्यांच्या नवऱ्याचं, शंभूरावांचं. ते गेले तेव्हा कागदावर सोयराबाईंचं नाव लागलं, पण कागदाला कोण विचारतो? बाईने नांगर धरायचा नाही आणि विधवेने बियाण्याची पहिली मूठ घालायची नाही, अशी या घराण्याची रीत. ज्याची पहिली मूठ, त्याचं पीक, ही त्याच रितीची शेपटी. म्हणून थोरले दीर नागोजीराव दरसाल नांगरत, चिखलणी करत, मूठ घालत आणि पीकही नेत. वर्षाकाठी भावजयीला थोडा तांदूळ पाठवत. लोक म्हणत, नागोजीरावांचं मन केवढं मोठं! दुसऱ्याचं ताट त्यालाच वाढायला मन मोठं लागतंच.

यंदा कालव्याला पाणी नव्हतं. चिखलणी कशाने करणार? सोयराबाईंनी शेतकी केंद्रात जाऊन पाहिलं होतं, की न नांगरता, मागच्या पिकाची धसकटं तशीच ठेवून, यंत्राने सरळ पेरता येतं. पेंढ्याखाली ओल टिकते, पाणी कमी लागतं. नांगरच नको म्हटल्यावर नांगरणाऱ्याचा हक्क कुठे उरतो? हे नागोजीरावांना लगेच कळलं. धूर्त माणसाला शेती कळो न कळो, हक्क बरोबर कळतो.

सोयराबाई रानात पोचल्या तेव्हा नागोजीरावांची गाडी बांधावर उभी होती. सोबत त्यांची सून देवश्री. ती लग्न होऊन कोल्हापूरहून आलेली, कंपनीत नोकरी करणारी. तिच्या हातात हळदकुंकवाचं ताट होतं. मूठ घालायला सवाष्ण आणली आहे, हे सोयराबाईंनी ओळखलं.

पेरणीचं यंत्र घेऊन आलेला नागराज घाईत होता. "बेग माडी अम्मा, मध्याह्न बेरे ऊरिगे होगबेकु." लवकर आटपा, म्हणत होता; दुपारी त्याला दुसऱ्या गावी पोचायचं होतं.

नागोजीराव पुढे आले. "नोडु, बघ सोयरा, यंत्र आणलीस, आयतु, झालं. नांगर बेडा, नको म्हणतीस, तेबी आयतु. पण मूठ तुझ्या हातानं नाही. रान नासतं. आमची सून घालंल."

"भावजी, लावणीला गुडघाभर चिखलात मीच असते की. तवा नासत नाही?"

"ती मजुरी. पेरणी देवाचं काम."

शेजारच्या रानातल्या बाया बांधावर येऊन उभ्या राहिल्या होत्या. ऊन चढत होतं.

"देवश्री, हो पुढं," नागोजीराव म्हणाले.

देवश्रीने ताट खाली ठेवलं आणि गोणीत हात घातला. मूठ भरली. सोयराबाईंनी डोळे मिटले. आता ती मूठ यंत्राच्या पेटीत पडली, की यंदाचं पीकही गेलं.

"बाबा," देवश्री म्हणाली, "हे बियाणं काकूंनीच निवडलंय, धुतलंय, वाळवलंय. यातल्या दाण्यादाण्याला त्यांचा हात लागलाय. मग मी घालून काय वेगळं होणार?"

"ते घरातलं काम. मध्ये बोलू नको."

"भावजी," सोयराबाईंनी डोळे उघडले होते, "कष्टाला माझा हात चालतो. मालकीलाच तेवढा चालत नाही, न्हवं?"

नागोजीरावांचा चेहरा लाल झाला. "घातलीस मूठ तर या रानाचा दाणा आमच्या विठोबापुढं येणार नाही. आमचं दारबी तुला बंद. सांगून ठेवतो!"

सोयराबाईंना म्हैसुरात माहेर नव्हतं, मूल नव्हतं. सणावाराला जायचं तर तेच एक दार. तरी त्यांनी ओंजळ पुढे केली. देवश्रीने आपली मूठ त्यांच्या ओंजळीत रिकामी केली आणि ती बाजूला झाली.

सोयराबाईंनी ते दाणे कपाळाला लावले आणि पेटीत टाकले. "नागराज, चालू कर."

नागोजीराव गाडीत बसून निघून गेले. सुनेची वाटही पाहिली नाही. दोघी बायकांनी बांधावर बसून एका डब्यातला दहीभात खाल्ला. दोघींनाही रडू येत होतं.

नागोजीरावांनी शब्द पाळला. नागपंचमीला सोयराबाईंना बोलावणं आलं नाही. रानाने मात्र त्या विधवा आहेत का, अशी चौकशी केली नव्हती. पेंढ्यातून हिरव्या ओळी वर आल्या होत्या, आणि कालवा कोरडा असूनही जिवंत होत्या.

त्या ओळी पाहायला एक दिवस शेजारच्या रानातली बाई आली. तिचाही नवरा गेलेला, तिचंही रान दीर पेरायचा. बराच वेळ ती पदराशी चाळा करत राहिली. मग कानडीत म्हणाली, "अक्का, पुढच्या हंगामाला माझ्या रानात पहिली मूठ तू घालशील?"

"नाही," सोयराबाई म्हणाल्या. "मी येईन, शेजारी उभी राहीन. मूठ तूच घालायचीस."