चुकीची रास

आमच्या मुलखात तीन हजार फुटांवरचे डोंगर दोनशे ब्याऐंशी. सगळे चढून झाले की क्लबातल्या फळीवर नाव रंगवतात. माझं अकरा वर्षांपूर्वी रंगवलं. शेवटच्या डोंगरावर माझा नवरा मर्डो धापा टाकत सोबत आला होता, माथ्यावर सगळ्यांना व्हिस्की त्यानेच वाटली. पुढच्या हिवाळ्यात तो गेला.

गेल्या मार्चमध्ये क्लबातल्या रॉरीने तिथे बेन ओरव डोंगराचे फोटो दाखवले. माथ्यावर दगडांची रास आणि तिला लागून सिमेंटचा खांब. तो डोंगर मी तरुणपणी चढले त्या दिवशी धुकं असं, की स्वतःचे बूट दिसेनात, आणि मी हात लावला त्या राशीपाशी खांबबिंब काही नव्हतं. खांब तर त्याही आधीपासूनचा. म्हणजे मी माथ्याच्या अलीकडच्या टेकाडावरूनच परत फिरले होते.

रॉरी म्हणाला, जाऊ दे, कुणाला कळतंय. मला कळतंय, म्हटलं, आणि नाव पुसायला सांगून तडक घरी आले.

मुलगी कर्स्टी शेजारीच राहते. तो डोंगर पुन्हा चढायचं मी ठरवलं तेव्हा ती सोबत यायला तयार होती. मी नको म्हटलं. चूक एकटीने केली होती, निस्तरणार एकटीच.

"एकाहत्तरची आहेस तू, आई," ती म्हणाली. "आणि बाबांचा तो दिवस खोटा ठरवायचाय का तुला?"

हे वर्मी लागलं.

जूनमधल्या एका मंगळवारी पहाटे तिच्या दारात चिठ्ठी सरकवली: बेन ओरव, सातपर्यंत परत, त्याआधी बचाव पथकाला फोन करून माझी शोभा करू नकोस. पहिले दोन तास नुसती दलदल आणि चिलटं. वर पोचले तर तीच मेली रास, आणि धुकंही तेच. गुडघा ठणकत होता. इथूनच उतरले असते तरी कोण विचारणार होतं? ओटकेक खाल्ला, त्या राशीला चार शिव्या हासडल्या आणि होकायंत्र काढलं.

पुढे आधी उतार, मग निसरडी धार. दोन ठिकाणी चक्क बसून सरकले. पावलं मोजत गेले. खांब दिसला तेव्हा तो हातभरावर होता. दोन्ही तळवे त्यावर टेकले आणि ढसाढसा रडले. मर्डोचा रागही आला, थांबला असता थोडा तर काय बिघडलं असतं!

पावणेसातला खाली रस्त्यावर आले. कर्स्टी तिच्या गाडीला टेकून उभी, हातात फोन.

"लावलास हात?"

"लावला."

"मग बाबांचं काय?"

उतरताना सगळी वाट मी तेच घोकत आले होते. "तुझे बाबा धापा टाकत आले ना, तो दोनशे एक्क्याऐंशीवा होता," मी म्हणाले. "डोंगर खरा, व्हिस्की खरी, तेही खरे. आकडा तेवढा चुकला, तो माझा."

ती खाली बसून माझ्या बुटांच्या नाड्या सोडायला लागली, कारण माझा गुडघा वाकत नव्हता. मान वर न करताच तिने विचारलं, "आता झाले ना सगळे?"

"झाले," मी म्हटलं. "आता आवडलेले पुन्हा चढणार. एकटीच."